प्रवेश झाला, पोहोचणं राहून गेलं: वडगावातल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

वय २१. बेळगावातून बी.एस्सी., रसायनशास्त्रात वर्गात पहिल्या पाचांत. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश, वर्ग ऑनलाइन. मे २०२१ च्या अखेरीस तक्रारी अशा: रात्रीत जेमतेम तीन-चार तास झोप, छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटणं, हाताला मुंग्या, निम्म्यावर आलेलं जेवण, पहिल्या सत्राच्या सात असाइनमेंटपैकी पाच न दिलेल्या, आणि दिवसभर बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत राहणं.

मी बेळगावात समुपदेशन करते. त्या दोन वर्षांत पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाची बरीच मुलं-मुली माझ्याकडे आली. त्यातलं हेच प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की घरच्यांनी सांगितलेलं कारण आणि खरं मूळ यांच्यातलं अंतर इथे तारखा मांडल्यावर स्वच्छ दिसलं. तिची आणि घरच्यांची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घर

वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा पट्टा. इथल्या कितीतरी घरांत पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार असतो. या घरात दोन पॉवरलूम. सूत मालकाचं, साडीमागे मजुरी यांची. वडील आणि एक कामगार माग चालवतात, आई कांड्या भरते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. तयार साड्या उचलल्या गेल्या नाहीत, पुढचं सूत आलं नाही आणि माग काही महिने बंदच राहिले. मुलीच्या प्रवेशाचे पैसे आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून उभे केले. हे तिला घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पण असाइनमेंटची तारीख चुकली की तिला हटकून त्या पाटल्या आठवायच्या.

पहिला फोन वडिलांनी केला. बेळगाव जिल्ह्यात १० मेपासूनचा कडक लॉकडाऊन चालू होता, त्यामुळे पुढचे काही आठवडे आमचं बोलणं फोनवरच झालं. "मॅडम, पोरगी रात्रभर जागीच असत्या. काय विचारलं की रडत्या. आमचा भाऊ गेला तवापासून असं झालंय बघा. आमच्यात एवढं कोण शिकलं नाही, तिला काय विचारायचं तेबी आम्हाला कळत नाही."

भाऊ म्हणजे तिचे काका, शेजारच्याच गल्लीत राहणारे. केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री आणि बेळगावचे खासदार सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनानं गेले, तेव्हा या घरात पहिल्यांदा आजाराची खरी भीती शिरली होती. त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणुकीचं मतदान झालं १७ एप्रिल २०२१ ला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस काका पॉझिटिव्ह आले. खाट मिळेना म्हणून आधी घरीच ठेवलं. घरात सायन्स शिकलेली हीच एकटी, त्यामुळे दर दोन तासांनी ऑक्सिजन मोजून वहीत लिहायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. रसायनशास्त्राच्या पदवीचा आणि रुग्णाच्या देखभालीचा काय संबंध, असा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही, आणि त्या दिवसांत तो येणंही अवघडच होतं. एका मध्यरात्री आकडा ९३ दिसला. तिनं पुन्हा मोजला, ९५ आला. ती थांबली आणि सकाळी सहाला वडिलांना सांगितलं. काकांना त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. पुढच्या आठवड्यात ते गेले.

हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल की दुःख आहे, अपराधीपणा आहे आणि त्यातून भीती बसली आहे. माझ्याकडे येताना घरच्यांनी निदान ठरवूनच आणलं होतं, आणि ते अर्धं बरोबर होतं.

तारखा

नवीन माणसाला मी एक प्रश्न नेहमी विचारते: शेवटची शांत झोप कधी लागली होती? ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत लागायची." काकांच्या आजारपणाच्या चार महिने आधीची गोष्ट ही. मग आम्ही दोघींनी फोनवर कॅलेंडर समोर घेऊन एकेक महिना मांडला.

विद्यापीठ अनुदान आयोगानं पहिल्या वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करायला सांगितलं होतं. परीक्षा आणि निकाल लांबल्यामुळे अनेक ठिकाणी ते आणखी पुढे गेले. हिचे डिसेंबरमध्ये सुरू झाले. जानेवारीत "लवकरच कॉलेज उघडणार" अशी बोलवा झाली, म्हणून वडिलांनी ओळखीतून पुण्यात कॉट बेसिसवर जागा पाहिली आणि डिपॉझिट भरलं. १५ फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातली महाविद्यालयं निम्म्या हजेरीनं उघडायचं ठरलं. तिनं बॅग भरली, बसचं तिकीट काढलं. नेमकं त्याच सुमाराला कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला आणि निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवायला सुरुवात झाली. जायला अडचण नव्हती, परत यायला होती. "मधेच काय झालं आणि घरी यायचं म्हटलं तर?" यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. तेवढ्यात पुण्यातली महाविद्यालयं २८ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा बंद झाल्याची बातमी आली. मग ती मुदत वाढत गेली. तिकीट गेलं. बॅग मात्र भरलेलीच राहिली, मे महिन्यातही ती कपाटावर होती. आणि न पाहिलेल्या त्या कॉटचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला मागितलं जात होतं.

फेब्रुवारीतच तिनं वर्गात हजेरी देणं सोडलं. म्हणजे लॉगिन करायची, पण माइक आणि कॅमेरा बंद. कारण सरळ होतं: माग. वर्ग सकाळी दहाला, आणि तोवर सूत पुन्हा यायला लागल्यामुळे दोन्ही माग सुरू झालेले असायचे. पॉवरलूमच्या खटखटाटात शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. करंट गेला की माग थांबायचे, पण मग वायफायही जायचं. एकदा प्राध्यापकांनी नाव घेऊन प्रश्न विचारला. तिनं माइक सुरू केला आणि पूर्ण वर्गानं आधी माग ऐकले. कुणीतरी चॅटमध्ये हसरा चेहरा टाकला. प्राध्यापक "आवाज येतोय बेटा, म्यूट कर" असं म्हणून पुढच्या मुलाकडे वळले. एवढंच घडलं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण त्यानंतर ती वर्गात एक शब्द बोलली नाही, आणि झोपेची तक्रार त्याच आठवड्यापासून वाढत गेली.

काकांचा आजार आला तो यावर. तोवर ती तीन महिने नीट झोपलेली नव्हती.

मोजमाप

जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी २००६ पासून जगभर वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र चिंता धरतात. तिचे गुण १६ आले. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ या तशाच चाचणीत ११, म्हणजे मध्यम.

जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे मी तिला सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. उलट विचारलं की माणूस सुटकेचा श्वास सोडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. "मी नसते तर एवढा खर्च झाला नसता, असं वाटतं," ती म्हणाली. योजना नव्हती, तयारी नव्हती. तरी गुण एवढे असताना केवळ बोलण्यावर भागवणं योग्य नव्हतं, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. रक्त कमी असलं की धडधड आणि दम लागणं या तक्रारी त्यामुळेही होतात, म्हणून लोहाच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. चिंतेच्या प्रकरणात ही तपासणी कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या भागात तर मुलींचं रक्त कमी असणं इतकं सवयीचं झालंय की त्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

चिंतेवरची गोळी अल्प मात्रेत सुचवली गेली, तेव्हा घरातून विरोध झाला. आई म्हणाली, "एकदा गोळ्या लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. उद्या लग्नाचं बघायचं तर काय सांगायचं?" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: ही झोपेची गोळी नव्हे, हिची सवय लागत नाही, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बंद करताना एकदम न थांबवता हळूहळू कमी करायची. आईनं देवाला नारळ ठेवला आणि गोळी सुरू केली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, आणि त्यात अडवण्यासारखं मला काही वाटलं नाही.

नेमकं काय हरवलं होतं

पदव्युत्तर विद्यार्थ्यांतली चिंता महामारीनं निर्माण केलेली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ देशांतल्या २३४ संस्थांमधले २,२७९ पदव्युत्तर विद्यार्थी होते, त्यात बहुसंख्य पीएच.डी.चे. त्यांतल्या ४१ टक्क्यांत मध्यम ते तीव्र चिंता आढळली. सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ६ टक्के धरलं होतं. मे ते जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या नऊ सार्वजनिक संशोधन विद्यापीठांत १५,३४६ पदव्युत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. ३९ टक्के चिंतेच्या चाळणीत सापडले. जागतिक आरोग्य संघटनेनं तर महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं.

हे आकडे आपल्याकडचे नाहीत, आणि वडगावातल्या मुलीचं दुखणं त्यांत सापडणारही नाही. तरी एक गोष्ट त्यांतून कळते: पुढच्या शिक्षणात मुळातच एक अनिश्चितता भरलेली असते. पदवीला पुस्तक ठरलेलं असतं, गाइड असतं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. पदव्युत्तरला आल्यावर किती वाचलं म्हणजे पुरे, हे सांगायला कुणी नसतं. ते नवा विद्यार्थी इतरांकडे बघून शिकतो. कॅन्टीनमध्ये शेजारचा म्हणतो, "अरे, मी अजून पहिलं युनिटच उघडलं नाही." प्रयोगशाळेबाहेर सीनियर सांगतो, "या सरांचं घाबरू नको, ते सगळ्यांना असंच बोलतात." ग्रंथालयात एखादा हुशार मुलगा डोकं टेकून झोपलेला दिसतो. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतूनच आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येतो. ऑनलाइन वर्गात हे सगळं गळून पडलं आणि फक्त व्याख्यान तेवढं उरलं.

त्याच्या जागी आला साठ-पासष्ट जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपवर बोलतो कोण? ज्याला येतं तो. ज्याला येत नाही तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेले किती आहेत हे कुणालाच दिसत नाही. ती पहाटे पाचला उठून रात्रीतले सगळे मेसेज वाचायची. "सगळ्यांना कळलंय, मलाच कायच यीना झालंय," हे वाक्य तिनं माझ्याशी बोलताना पुन्हा पुन्हा म्हटलं. यंदा कोरोनामुळे जागा रिकाम्या राहिल्या म्हणूनच आपला नंबर लागला, अशीही तिची खात्री झाली होती. ती खोडून काढणारा एकही माणूस तिला भेटलेला नव्हता, कारण ती कुणालाच भेटलेली नव्हती.

माझं मत या प्रकरणानं पक्कं झालं. ती विषाणूला घाबरली होती हे खरं, काकांच्या जाण्यानं खचली होती हेही खरं. पण पाया त्याआधीच हलला होता. तिचा प्रवेश झाला, फी भरली गेली, कॉट ठरली, आणि ती कुठेच पोहोचली नाही. वडगावात ती पुण्याची विद्यार्थिनी होती आणि पुण्यात एक बंद कॅमेरा.

ऑक्सिमीटर

तरी सुरुवात अभ्यासापासून करता आली नाही. शरीर आधी शांत व्हायला हवं होतं, आणि शरीराची सगळी भीती त्या चिमट्यासारख्या यंत्रात येऊन बसली होती.

बेळगाव राज्यातल्या त्या अकरा जिल्ह्यांत होता जिथे निर्बंध २१ जूनपर्यंत लांबले. ते सैल झाल्यावर ती पहिल्यांदा समोर येऊन बसली. मास्क, खिडक्या उघड्या, मधे टेबल. पर्समधून तिनं ऑक्सिमीटर काढून मांडीवर ठेवला. बोटं गार पडली होती. मी विचारलं, "आत्ता किती असेल असं वाटतं?" "त्र्याण्णव," ती लगेच म्हणाली. तोच आकडा. लावून पाहिला तर आधी काहीच दिसेना. बोट गार असलं किंवा नखाला रंग असला की हे यंत्र नीट वाचत नाही. तिला हात चोळायला सांगितले. अठ्ठ्याण्णव.

दमा, हृदयविकार, फिट यांपैकी काही नाही याची डॉक्टरांकडून आधीच खात्री करून घेतली होती. म्हणून तिला म्हटलं, आता बोटाला हे तसंच ठेव आणि मिनिटभर जोरजोरात, भरभर श्वास घे, मीही घेते. अर्ध्या मिनिटात ती थांबली. "मॅडम, तेच होतंय. मुंग्या आल्या. डोकं हलकं झालंय." "आकडा बघ." नव्याण्णव.

ती त्या आकड्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग तिच्यातली रसायनशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. तिनं विचारलं, "मग मुंग्या कशानं?" आणि इथे तिला समजावणं फार सोपं गेलं, कारण विषय तिच्या हातातला होता. भरभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा पीएच वर सरकतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, त्यानं मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात, त्यानं गरगरतं. ऑक्सिजन पुरेसा असतो. श्वास पुरत नाही असं वाटून माणूस आणखी भरभर श्वास घेतो आणि त्रास वाढतो. तिनं वहीत समीकरण लिहिलं, कार्बोनिक आम्लापासून बायकार्बोनेटपर्यंत, बाण कुणीकडे सरकेल तेही. मग म्हणाली, "हे मी सेकंड इयरला शिकले होते."

त्यानंतर नियम ठरला: मोजायचं फक्त सकाळी आठ आणि रात्री आठला, यंत्र आईच्या मसाल्याच्या फळीवरच्या डब्यात. पहिला आठवडा वाईट गेला. मधल्या वेळात न मोजण्यानं तिची घालमेल इतकी वाढली की वडिलांचा फोन आला, "देऊ काय मॅडम तिला?" देऊ नका म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात ती रात्रीचं मोजणं स्वतःच विसरली.

काकांच्या त्या रात्रीचं काम वेगळं होतं. तिनं लिहिलेली ती वही आम्ही दोघींनी ओळ न् ओळ वाचली. रात्री ९३, लगेच ९५, तीन वाजता ९४, पाचला ९४. त्या वेळी घरातल्या कुणाहीकडे जेवढी माहिती होती, तेवढ्यावर तिनं जे केलं ते योग्यच होतं. हे मी तिला म्हणाले नाही, ते वाचताना तिचं तीच म्हणाली आणि खूप रडली. दुःख राहिलं, ते राहणारच होतं. बारावं-तेरावं नेहमीसारखं झालं नव्हतं, माणसं जमली नव्हती. श्रावणात घरच्यांनी जवळच्या लोकांना बोलावून काकांच्या नावानं जेवण घातलं, तेव्हा घरातला ताण थोडा उतरला.

धीर देणं

इथे घरच्यांबद्दल लिहायला हवं, कारण सगळ्यात मायेनं केलेली गोष्ट सगळ्यात जास्त अडचणीची ठरत होती. ती दिवसातून दहा वेळा विचारायची, "आई, मला काय होणार नाही ना?" आणि आई दहा वेळा सांगायची, "काय होत नाही गं बाळ." दर वेळी तिला पाच मिनिटं बरं वाटायचं आणि मग प्रश्न परत यायचा. बाहेरून आणलेल्या खात्रीची सवय लागली की अनिश्चितता सोसायची ताकद आणखी कमी होते. चिंतेच्या उपचारात हे अगदी पायाचं तत्त्व आहे, पण आईला सांगायला सगळ्यात जड तेच.

मी आई-वडिलांना एकच पर्यायी उत्तर दिलं: "भीती वाटत्या ते कळतंय. मी इथंच बसलोय." होणार नाही असं म्हणायचं नाही आणि होईल असंही नाही. वडिलांना ते लगेच जमलं. आईला महिना लागला. शिवाय संध्याकाळी सहाची वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवली. दिवसा आलेली काळजी कागदावर एका ओळीत टिपायची आणि सहा वाजता वहीत उघडायची. तोवर त्यातल्या निम्म्या काळज्यांचा जोर गेलेला असायचा, हे तिचंच निरीक्षण.

पहिला मेसेज

जुलैत खरं काम सुरू झालं. वर्गातल्या एका तरी माणसाशी खासगीत बोलायचं, आणि त्याआधी काय होईल ते लिहून ठेवायचं. तिनं लिहिलं: "ती मला हसेल आणि इतरांना सांगेल. शक्यता ९० टक्के." मेसेज होता अवघा दोन ओळींचा, स्पेक्ट्रोस्कोपीच्या एका गणिताबद्दल. पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. दोन दिवस नाही.

अशा वेळी सगळं मोडून पडू शकतं. तिची झोप पुन्हा उडाली. पण वहीतलं भाकीत "हसेल" असं होतं, "उत्तर देणार नाही" असं नव्हतं. उत्तर न येण्याची कारणं तिनंच दहा लिहिली, त्यांतली नऊ तिच्याशी संबंध नसलेली. मग दुसरीला तोच मेसेज. ही सांगलीची निघाली. अर्ध्या तासात व्हॉइस नोट आली: "अगं मी ती फाइल उघडलीच नाहीये अजून. तुला पहिला भाग आला का? मला पाठव ना." ती व्हॉइस नोट तिनं मला ऐकवली, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

ऑगस्टमध्ये तिनं विभागातल्या एका प्राध्यापिकेला मेल केला. मसुदा तिचा, मी फक्त तीन ठिकाणची माफी काढायला लावली. घरात माग आहेत, माइक सुरू करता येत नाही, पाच असाइनमेंट राहिल्या आहेत, कधीपर्यंत देता येतील, एवढंच. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. निम्म्या वर्गाच्या राहिल्या आहेत, सप्टेंबरअखेर द्या, वर्गात प्रश्न चॅटमध्ये लिहिलात तरी चालेल. निम्म्या वर्गाच्या! ही एक माहिती फेब्रुवारीत मिळाली असती तर या मुलीची किती रात्रींची झोप वाचली असती, या विचारानं मला फार वाईट वाटलं. ती गुप्त नव्हती. फक्त ती सांगायची असते हे कुणाला सुचलं नव्हतं. पूर्वी ती कॉरिडॉरमध्ये आपोआप कळायची.

वडिलांनीही एक गोष्ट केली, मी न सांगता. दहा ते अकरा हा पहिला तास एक माग बंद ठेवायला सुरुवात केली. मजुरीवर जगणाऱ्या घरात रोज एका मागाचा तास सोडणं म्हणजे काय, ते वडगावात कुणालाही विचारा.

ऑगस्टअखेर जीएडी-७ वर ९.

पुणे, आणि पुन्हा जानेवारी

लशीचा पहिला डोस तिला जुलैच्या सुरुवातीला मिळाला होता. कोविशील्डचं ८४ दिवसांचं अंतर सोसून दुसरा सप्टेंबरच्या अखेरीस. महाराष्ट्रातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही डोस झालेल्यांसाठी उघडली. कपाटावरची बॅग उतरवून तिनं ती पूर्ण रिकामी केली आणि नव्यानं भरली, कारण आतले कपडे आता सैल होत होते. कॉटची जुनी जागा सोडली. डिपॉझिटमधून न राहिलेल्या महिन्यांचं भाडं कापलं गेलं. सांगलीच्या मैत्रिणीबरोबर नवी खोली घेतली.

प्रयोगशाळेत पहिले काही दिवस अवघड गेले. पूर्ण वर्गानं दोन सत्रं प्रयोगांचे व्हिडिओ पाहिले होते, ब्युरेट हातात धरलेला नव्हता. पहिल्या तोंडी परीक्षेच्या आधी जिन्यात तिला झटका आला: मुंग्या, धडधड, सगळं. ती पायरीवर बसली, श्वास सावकाश सोडत राहिली, दहा मिनिटांत उठून आत गेली. दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत, तसं तिनं सांगितलं. फोनवर मला हे सांगताना तिचा आवाज नेहमीचा होता.

मग ओमायक्रॉन आला. ५ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्रानं १५ फेब्रुवारीपर्यंत महाविद्यालयं बंद केली. ती वडगावात परतली. तोच महिना, तीच खोली, तेच माग, तोच स्क्रीन. घरचे धास्तावले आणि खरं सांगायचं तर मलाही काळजी होती. दुसऱ्या आठवड्यात तिची चाचणी घेतली: गुण १०. वाढले होते. झोप पाच तासांवर आली होती. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी करायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं.

फरक एकच होता. रात्री नऊला माग बंद झाले की चौघीजणी फोनवर एकत्र यायच्या: ती, सांगलीची मैत्रीण, एक बार्शीची आणि एक पुण्यातलीच. कॅमेरा बंदच, डेटा पुरत नाही म्हणून. कुणी वाचायची, कुणी झोपायची, कुणी घरचं रडगाणं सांगायची. महिनाअखेर पुन्हा मोजलं तेव्हा ७. ऑक्सिमीटर कुठे आहे असं मी विचारलं, तर तिला ते आईला विचारावं लागलं.

महाविद्यालयं उघडताच ती पुण्याला गेली. पहिल्या सत्राचा एक विषय राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत सुटला. गोळी उन्हाळ्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद झाली. तोंडी परीक्षेआधीचा रात्रीचा फोन मात्र ती अजून करते, आणि तो तिनं करावा असं मला वाटतं. आता ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तिनं तो आपल्या विभागात नव्यानं आलेल्या मुलींच्या ग्रुपवर टाकला आहे. त्याच्या खालच्या ओळीत तिनं लिहिलंय, की पहिल्या सत्रात तिच्या स्वतःच्या पाच असाइनमेंट राहिल्या होत्या.